कॅप, स्क्रूचे दात आणि कोल्हापुरात बरा डेंटिस्ट कसा शोधायचा

माझी दाढ मटणानं घालवली. रविवार दुपार, घरचंच मटण, नळी चोखताना हाडाचा बारका तुकडा दाताखाली आला आणि खट् आवाज झाला, मला वाटलं हाडच फुटलं, जिभेनं चाचपून बघितलं तर दाढेची आतली अख्खी बाजू गायब. दुखलं काहीच नाही कारण त्या दाढेचं रूट कॅनाल सात वर्षांपूर्वी झालेलं, आणि तेव्हाच डॉक्टर म्हणालेले की वरनं कॅप घालून घ्या नाहीतर कधीतरी फुटणार. मी म्हणाले बघू दिवाळीनंतर. ती दिवाळी काय आलीच नाही.

त्यानंतर माझी कॅप आणि मग सासूबाईंचा स्क्रूचा दात म्हणजे इम्प्लांट, असं मिळून पावणेदोन वर्षं मी राजारामपुरीच्या गल्ल्या, शाहूपुरी, ताराबाई पार्क असं फिरत होते, त्यामुळं आता ओळखीतलं कुणीही फोन करतं की "चांगला डेंटिस्ट सांग की गं". मी नाव सांगत नाही. शहाणपणा म्हणून नाही, पण "चांगला" कशासाठी हे कळल्याशिवाय नाव सांगून उपयोग नसतो, एकाच डॉक्टरचा रूट कॅनालचा हात सोन्यासारखा असतो आणि कॅपचं माप मात्र दोनदा चुकतं. म्हणून नावाऐवजी कसं शोधायचं ते लिहिते, तेवढं वाचा आणि मग फिरा.

आपल्याकडं डॉक्टर ओळखीनं शोधतात, त्यात वाईट काही नाही. फक्त आपण चुकीच्या माणसाला विचारतो. गेल्या महिन्यात कॅप घातलेला माणूस सांगणारच की लई भारी डॉक्टर आहे, कारण गेल्या महिन्यातली कॅप सगळ्यांचीच भारी असते. पाच-सहा वर्षांपूर्वी ज्यानं कॅप किंवा इम्प्लांट केलंय असा माणूस शोधा, ऑफिसात, भिशीत, तालमीत, कुठंही. त्याला विचारा की कॅप कधी निघाली का, कडेनं हिरडी काळी पडली का, शेजारच्या दातात घास अडकतो का, त्या बाजूनं चावतोस का उगीच शोभेला आहे. आणि सगळ्यात महत्त्वाचं, काही बिघडलं तेव्हा डॉक्टर कसा वागला. बिघडतं सगळ्यांकडं. परत गेल्यावर "तुम्हीच काहीतरी कडक खाल्लं असणार" म्हणणारा वेगळा आणि गप खुर्चीत बसवून एक्सरे काढणारा वेगळा. फोनवरचे स्टार आणि "व्हेरी गुड स्टाफ" असले रिव्ह्यू मी वाचते, पण त्यातनं पार्किंग आहे का आणि किती वेळ बसवतात एवढंच कळतं.

आता डिग्रीचं. बीडीएस म्हणजे दाताचा पूर्ण डॉक्टर, इंटर्नशिप धरून पाच वर्षं शिकलेला, साधी कॅप, सिमेंट भरणं, दात काढणं ही कामं तो करतोच आणि कित्येक जुने बीडीएस डॉक्टर अशी कामं फार सुंदर करतात. एमडीएस म्हणजे त्यापुढं तीन वर्षं एकाच विषयात. बोर्डावर नुसतं एमडीएस बघून आत शिरू नका, विषय कोणता ते बघा. दात सरळ करणारा एमडीएस वेगळा, लहान मुलांचा वेगळा. कॅप, ब्रिज, कवळी आणि एकूण तोंड परत उभं करायचं काम हा प्रोस्थोडॉन्टिस्टचा विषय. रूट कॅनाल आणि फुटका दात वाचवणं हा एंडोडॉन्टिस्टचा. हिरड्या आणि हाड हा पेरिओडॉन्टिस्टचा. अवघड अक्कलदाढ, जबड्याचं ऑपरेशन हे ओरल सर्जनचं. आणि एक गोष्ट मला फार उशिरा कळली, इम्प्लांटॉलॉजिस्ट ही आपल्याकडं एमडीएसची वेगळी शाखा नाहीच. तो शब्द बोर्डावर असला तर त्या माणसानं इम्प्लांटचा कोर्स किंवा फेलोशिप केलेली असते, ती चार दिवसांची असू शकते किंवा दोन वर्षांची, म्हणून सरळ विचारायचं, की तुमची मूळ डिग्री कशात आणि किती वर्षं इम्प्लांट टाकताय. चांगल्या डॉक्टरला राग येत नाही. राग आला तर तेही उत्तरच झालं.

रजिस्ट्रेशन नंबर केसपेपरवर किंवा औषधाच्या चिठ्ठीवर असतो. डेंटिस्ट ॲक्ट १९४८ साली आला, तेव्हापासून नोंदणी असल्याशिवाय दाताची प्रॅक्टिस करता येत नाही, आपल्याकडं ती नोंद महाराष्ट्र राज्य दंत परिषदेकडं असते. हे सांगायचं कारण गावाकडं अजून बाजाराच्या दिवशी "फिक्स दात" बसवून देणारे असतात. आमच्या एका नातेवाइकांनी पुढचे दोन दात असेच बसवून घेतले, त्या माणसानं शेजारच्या दातांना प्लास्टिकसारखं काहीतरी थापून चिकटवलं, खाली सगळं कुजलं आणि दोनाचे पाच दात गेले. स्वस्त पडलं म्हणून गावभर सांगत होते आधी.

बरं, आता माझी दाढ. मी तीन ठिकाणी दाखवलं आणि तिन्ही ठिकाणी वेगळं सांगितलं. पहिल्या क्लिनिकात एसी, कॉफीचं मशीन, भिंतीवर हसऱ्या लोकांचे फोटो. डॉक्टरांनी मिनिटभर तोंडात बघितलं, एक्सरे नाही काही नाही, आणि बाहेरच्या मॅडमनं पॅकेज काढून दाखवलं, दाढ काढायची, इम्प्लांट टाकायचं, आज बुक केलं तर डिस्काउंट. डिस्काउंट शब्द ऐकला आणि मी उठले, दाढ आहे का साडी. दुसऱ्या ठिकाणी एक्सरे काढला पण मला दाखवला नाही, म्हणाले घालूया की कॅप, बुधवारी या. मला बरं वाटलं, स्वस्तही होतं. पण घरी आल्यावर डोक्यात आलं की अर्धी दाढ तर गेलीय, मग कॅप बसणार कशावर?

तिसऱ्या ठिकाणी डॉक्टरीणबाई होत्या, साधं क्लिनिक, दोन खुर्च्या. त्यांनी एक्सरे काढून स्क्रीन माझ्याकडं वळवला आणि बोट ठेवून सांगितलं, हे जुनं रूट कॅनाल, मुळाच्या टोकाला काळी सावली नाही म्हणजे इन्फेक्शन दिसत नाही, हे हाड, आणि हिरडीच्या वर चांगला दात किती उरलाय ते हे. कॅपला धरायला हिरडीवर चहूबाजूनी दीड-दोन मिलिमीटर तरी घट्ट दात लागतो, तो नसला तर कॅप कितीही भारीतली घाला, ती निघते किंवा दात घेऊनच येते. मग त्यांनी चीर मुळात उतरलीय का ते तपासलं, कारण चीर मुळात उभी गेली असेल तर दाढ वाचत नाही, तेव्हा पैसे घालवू नयेत. माझी चीर वरच थांबलेली. मुळात पोस्ट म्हणजे बारकी काडी बसवून वर सिमेंटनं दाताचा आकार उभा केला आणि त्यावर कॅप. आणि जाताना म्हणाल्या, दुसरीकडंही विचारून घ्या, घाई नाही, फक्त या बाजूनं चावू नका.

यात सगळं आलं बघा. आधी दात वाचतोय का, मग कशानं, मग पैसे. ज्या ठिकाणी हा क्रम उलटा असेल तिथनं उठायचं. आणि एक्सरे मागून घ्यायचा, फोनवर पाठवा म्हटलं की पाठवतात, तो घेऊन दुसरीकडं गेलं की मत घ्यायला सोपं जातं. कुणी "एक्सरे देत नाही" म्हणालं तर मला तरी ते पटत नाही, पैसे आपण भरलेत, तोंड आपलं आहे.

जिथं नुसतं सिमेंट भरून भागतं तिथंही कॅप सांगणारे भेटतात, त्यासाठी एक ध्यानात ठेवा. कॅप घालायची म्हणजे दात चारी बाजूनं आणि वरनं एक ते दोन मिलिमीटर घासावा लागतो. घासलेला दात परत उगवत नाही. ब्रिज घातला तर एका गेलेल्या दातासाठी शेजारचे दोन चांगले दात घासतात. म्हणून "आणखी काय पर्याय आहे, आणि काहीच नाही केलं तर काय होईल" हे दोन प्रश्न विचारल्याशिवाय घासायला तोंड उघडायचं नाही.

कॅपच्या जाती म्हणाल तर दुकानात चप्पल दाखवतात तशा पुढं मांडतात. पूर्ण धातूची, दिसायला नको पण मागच्या दाढेला मजबूत. पीएफएम म्हणजे आत धातू आणि वर सिरॅमिक, वर्षानुवर्षं चालतंय, पण वरचा टवका उडू शकतो आणि हिरडी खाली सरकली की काळी कड दिसते. झिरकोनिया, धातू नाही, भक्कम, आता बहुतेक जण हीच सांगतात. ई-मॅक्स ही पूर्ण सिरॅमिकची, पुढच्या दातांना छान दिसते. मागच्या दाढेला कुणी फार नाजूक महागडी कॅप सांगत असेल तर का ते विचारा, आपण कोल्हापूरची माणसं, हाड सोडत नाही.

पण खरी गोम अशी की बहुतेक ठिकाणी कॅप डॉक्टर बनवत नाहीत, लॅब बनवते. डॉक्टर दात घासून माप देतात, रबरासारख्या मटेरिअलनं किंवा स्कॅनरनं, आणि लॅबमधनं कॅप येते. म्हणून लॅब कुठली, आणि झिरकोनियाचं कार्ड मिळणार का, हे घासायच्या आधी विचारायचं. बहुतेक कंपन्यांच्या कॅपबरोबर कार्ड येतं, त्यावर नंबर असतो आणि वॉरंटी किती वर्षांची ते लिहिलेलं असतं. ती वॉरंटी कॅपची असते, खालच्या दाताची नव्हे, हेही ध्यानात ठेवा, नाहीतर "दहा वर्षांची गॅरंटी होती की" म्हणून भांडायला जाल. रंग ठरवताना दिवसाउजेडी खिडकीपाशी बसवून शेड बघायला सांगा, ट्यूबलाइटमध्ये सगळेच दात पिवळे. आणि कायमचं चिकटवायच्या आधी ट्रायल घेतात तेव्हा लाजू नका. माझी कॅप पहिल्या दिवशी किंचित उंच लागत होती, मी म्हटलं सवय होईल, आठ दिवस सोसलं, दाढ ठणकायला लागली, डोकं धरलं. परत गेले तर त्या डॉक्टरीणबाईंनी निळा कागद चावायला देऊन दोन मिनिटांत घासून सपाट केलं आणि वर मलाच ओरडल्या, की पहिल्याच दिवशी का नाही सांगितलं.

स्वच्छतेचं झटक्यात सांगते. हत्यारं सीलबंद पाकिटातनं तुमच्यासमोर काढतात का बघा, ऑटोक्लेव्हमधनं, म्हणजे वाफेनं जंतू मारायच्या मशीनमधनं, आलेल्या पाकिटावर एक खूण असते तिचा रंग बदललेला असतो. हातमोजे नवीन घालतात का, आणि मोजे घातलेल्या हातानं मोबाईल उचलतात का. तेवढं पुरे.

आता आत्तींचं इम्प्लांट. आत्ती म्हणजे सासूबाई, वय ६८, शुगर, आणि मशेरी. खालची दाढ गेलेली, कवळी घालायला तयार नाहीत, आणि स्क्रूचं नाव काढल्यावर म्हणाल्या, "मला न्हाई स्क्रू बिक्रू, मी काय दार हाय व्हय?" त्यांना समजावायला डॉक्टरांनी चांगली युक्ती केली, म्हणाले आजी, हा टायटॅनियमचा स्क्रू आहे, हाड त्याला आपलाच समजून धरून ठेवतं. हे खरंच आहे, स्वीडनच्या ब्रोनेमार्क नावाच्या डॉक्टरांना १९५२ साली सशाच्या हाडात घातलेलं टायटॅनियम निघेनासं झालं तेव्हा हे ध्यानात आलं, आणि १९६५ साली त्यांनी पहिल्या माणसाच्या जबड्यात ते बसवलं, ते स्क्रू त्याला चाळीस वर्षांच्या वर, मरेपर्यंत टिकले. पण हे ऐकून "लाइफटाइम" जाहिरातींवर भुलू नका. हिरडी सुजली, भोवतीचं हाड झिजलं, की दोन वर्षांतही स्क्रू हलायला लागतो, आणि तंबाखू, मशेरी, विडी आणि चढलेली शुगर ही त्याची नेहमीची कारणं.

म्हणून विश्वासाचा डॉक्टर कोणता, तर जो इम्प्लांटच्या आधी नको नको ते विचारतो. शुगर किती, तीन महिन्यांची सरासरी म्हणजे एचबीएवनसी किती, रक्त पातळ व्हायची गोळी चालू आहे का, हाडं ठिसूळ होऊ नयेत म्हणून कुठलं इंजेक्शन किंवा गोळी घेतलीय का, तंबाखू किती. आत्तींची सरासरी साडेनऊ निघाली तर डॉक्टरांनी काम करायलाच नकार दिला, आधी फिजिशियनकडं जा, आठच्या खाली आणा, मशेरी बंद, मग या. चार महिने गेले. आत्तींनी शुगर खाली आणली, मशेरीवरनं घरात महाभारत झालं ते वेगळं. त्या चार महिन्यांत दुसऱ्या एका ठिकाणी "काही होत नाही, उद्या टाकूया" असं सांगणारेही भेटले. रक्त पातळ करायची गोळी असेल तर मनानं बंद करू नका हं, ज्या डॉक्टरनी दिलीय त्यांनाच विचारायचं.

मग स्कॅन. एका बारक्या एक्सरेवर इम्प्लांट टाकणार म्हणाले तर थांबा. खालच्या जबड्यातनं एक नस जाते, तिला धक्का लागला तर ओठ बधिर राहू शकतो, वर मागच्या बाजूला सायनसची पोकळी असते. हाड किती उंच, किती रुंद हे सीबीसीटी स्कॅनमध्ये तिन्ही बाजूनी दिसतं. क्लिनिकात मशीन नसलं तर बाहेर सेंटरवर पाठवतात, त्यात गैर काही नाही.

आणि हा प्रश्न कोल्हापुरात तर विचाराच: स्क्रू कोण टाकणार? कितीतरी क्लिनिकांत स्पेशालिस्ट बाहेरनं ठरलेल्या दिवशी येतात, सांगली-मिरजेहून, बेळगावहून, पुण्याहून. पद्धत चांगली आहे, हुशार माणसाचा हात मिळतो. पण तुम्ही ज्यांच्याशी बोललात ते वेगळे आणि ज्यांनी ड्रिल धरलं ते वेगळे, आणि रात्री सूज आली तर फोन कुणाला? आम्ही आधीच विचारलं, ऑपरेशनच्या आधी त्या पाहुण्या डॉक्टरांशी दहा मिनिटं बोलायला मिळालं पाहिजे म्हटलं. मिळालं. नंतरची टाक्यांची तपासणी कोण करणार, हाड धरल्यावर वरची कॅप कोण बसवणार, तेही कागदावर लिहून घेतलं.

पैशाचं म्हणाल तर आम्हाला एकाच दाढेला २८, ३५ आणि ५२ हजार असे आकडे मिळाले, आणि गंमत म्हणजे २८ वाल्यात वरची कॅप धरलेलीच नव्हती. म्हणून विचारताना असं विचारा: स्क्रू, त्यावरचा जोड, कॅप, स्कॅन, हाड भरायची वेळ आली तर ते, आणि नंतरच्या तपासण्या, सगळं मिळून किती. स्क्रू कुठल्या कंपनीचा तेही. स्ट्रॉमन, नोबेल हे महागातले, ऑस्टेम, डेंटियम हे कोरियातले मधल्या भावातले. भारीतलाच घ्या असं मी म्हणत नाही, पण दहा वर्षांनी त्याचा जोड सैल झाला तर पार्ट मिळाला पाहिजे. बिल पक्कं घ्या. मेडिक्लेम बहुतेक वेळा दाताला चालत नाही, ॲक्सिडेंटमधलं सोडून, तरी पॉलिसी वाचून बघा.

बजेट नसेल तर दात तसाच ठेवू नका. वारणेजवळ नवे पारगावला तात्यासाहेब कोरे डेंटल कॉलेज आहे, सांगलीत भारती विद्यापीठाचं आहे, कराडला कृष्णाचं आहे. तिथं पीजीची मुलं सरांच्या देखरेखीखाली काम करतात, खर्च बराच कमी येतो, फक्त फेऱ्या वाढतात आणि एका कॅपला अख्खी सकाळ जाते. रिटायर माणसाला झकास. आमच्या शेजारच्या काकांनी तिथनंच कवळी केली, डबा घेऊन जायचे आणि संध्याकाळी वारणेचं श्रीखंड घेऊन यायचे.

आत्तींचा स्क्रू बसला, चार महिने हाड धरायला दिले, मग वर कॅप बसली. "तीन दिवसांत फिक्स दात" अशा जाहिराती असतात, काही लोकांना तशी पद्धत जमतेही, पण ती सगळ्यांसाठी नाही, आणि आत्तींच्या डॉक्टरांनी स्कॅन बघून सरळ नाही म्हटलं.

एक शेवटचं काम स्वतः करा. इम्प्लांटच्या डबीवर स्टिकर असतो, कंपनी, साइज आणि लॉट नंबर लिहिलेला. तो तुमच्या फाइलला किंवा कार्डावर चिकटवून मागा, उद्या गाव बदललं, डॉक्टर बदलला, तर नवीन माणसाला त्यावरनंच कळतं की आत काय आहे. आम्ही मागितला, दिला. आत्तींचं ते कार्ड मी रेशनकार्डाच्या पिशवीतच ठेवलंय. परवा त्यांनी ते काढून उलटंसुलटं बघितलं आणि विचारलं, "ह्याच्यावर साखर मिळती व्हय गं?"